पुस्तिकेतील अर्थ पाठ करण्याआधी रून-कविता वाचा

आपण घेतलेल्या रून्सच्या, म्हणजे उत्तर युरोपातील प्राचीन लिपीच्या अक्षरांच्या, संचात २५ तुकडे असून त्यांपैकी एक कोरा आहे, आणि सोबतच्या पुस्तिकेतील अर्थ पाठ झाल्यावरच रून्सचा कौल लावावा का, असे आपण विचारले आहे. कोरा तुकडा सरळ बाजूला ठेवावा. जुन्या फुथार्क लिपीत २४ रून्स आहेत. स्वीडनच्या गोटलंड बेटावर सापडलेल्या, सुमारे इ. स. ४०० मधील शिळेवर ही मालिका क्रमाने कोरलेली आहे. कोरी रून मात्र १९८२ साली अमेरिकेत निघालेल्या एका लोकप्रिय पुस्तकामुळे रूढ झाली.

अर्थांची यादी घोकण्याऐवजी इंग्लंड, नॉर्वे आणि आइसलँड येथील तीन जुन्या रून-कविता भाषांतरात वाचाव्यात; त्यांत एकेका रूनवर एकेक लहान कडवे आहे. पुस्तिकांमध्ये ‘फेहू’ या रूनसमोर बहुधा ‘धनलाभ’ एवढेच छापलेले असते. नॉर्वे आणि आइसलँडच्या कविता सांगतात की धनामुळे नातलगांत कलह माजतो, तर इंग्लंडची कविता म्हणते की धन सर्वांना दिलासा देते, पण ते प्रत्येकाने सढळ हाताने वाटले पाहिजे. वडिलोपार्जित जमिनीच्या वाटणीविषयी कोणी विचारले आणि फेहू आली, तर यांतले कोणते कडवे लागू पडते हे प्रश्न पाहून ठरवणे, यालाच मी वाचन म्हणतो. (भाऊबंदकी आपल्याला कोणी समजावून सांगायला नको.)

अर्थात, नॉर्वे आणि आइसलँडच्या कवितांत १६ च रून्स आहेत, त्यामुळे उरलेल्यांसाठी इंग्लंडच्या कवितेवरच भिस्त ठेवावी लागते. ‘पेर्थ्रो’ या रूनचा अर्थ तर अभ्यासकांनाही निश्चित करता आलेला नाही, पुस्तिका तो ठामपणे सांगत असेल, तर तिच्या बाकीच्या ठामपणाकडेही थोडे संशयाने पाहावे.

उलट्या रूनचा वेगळा अर्थ लावणे ही आधुनिक प्रथा आहे. ‘गेबो’, ‘इसा’, ‘दगाझ’ उलट्या केल्या तरी तशाच दिसतात, म्हणून नवशिक्याने सुरुवातीला हा भेद सोडूनच द्यावा.

तीन रून्स काढण्याच्या पद्धतीला मात्र जुना दुवा आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास लिहिले आहे की जर्मॅनिक लोक फळझाडाच्या फांदीचे तुकडे करून त्यांवर खुणा करीत, ते पांढऱ्या वस्त्रावर विखरून टाकीत आणि त्यांतले तीन उचलीत. त्या खुणा रून्सच होत्या असे तो म्हणत नाही. आपण आधी एकच रून काढावी, तिचे कडवे वाचावे आणि उत्तर प्रश्नाशी जोडून एका वाक्यात लिहून ठेवावे. हे सहज जमू लागले की तीनकडे वळावे.