‘ऐतिहासिक’ अत्याचार म्हणावं का?

प्रश्न असा आहे: आयर्लंडमधल्या शाळांत पूर्वी मुलांवर जे अत्याचार झाले, त्यांना इंग्रजी बातम्यांत ‘हिस्टॉरिकल चाइल्ड अब्यूज’ म्हणतात. मराठीत ‘ऐतिहासिक बाल-अत्याचार’ लिहिलं तर चालेल का?

माझ्या मते मुळीच चालू नये. ऐतिहासिक म्हटलं की आपल्याला रायगड आठवतो, नाहीतर एखादी विराट सभा. या शब्दाला गौरवाचा रंग चढलेला आहे, तो अशा ठिकाणी अंगावर येतो. शिवाय ही गोष्ट इतिहासजमा झालेली नाही. सोसलेली कितीतरी माणसं हयात आहेत, ज्यांच्यावर आरोप आहेत त्यांच्यातलेही बरेच. ‘जुनी प्रकरणं’ही नको; ‘जुनी मढी कशाला उकरता’ हा सूर त्यात आपसूक येतो. सरळ ‘पूर्वी झालेले अत्याचार’ लिहावं आणि शक्य तिथे काळ सांगावा.

‘अब्यूज’ला सरसकट ‘लैंगिक शोषण’ म्हणणंही चूक. आयर्लंडमध्ये 2000 साली नेमलेल्या आयोगाचा अहवाल न्यायमूर्ती शॉन रायन यांनी 2009 मध्ये दिला. त्यात चार प्रकार वेगळे धरले आहेत: मारहाण, लैंगिक अत्याचार, मानसिक छळ आणि चौथा, ज्याला मी ‘आबाळ’ म्हणेन. पोटाला पुरेसं न मिळणं, थंडीत धड कपडे नसणं, दुखण्याखुपण्याकडे कुणी न बघणं, हे सगळं या एका शब्दात येतं. ‘दुर्लक्ष’ त्यापुढे फारच सौम्य वाटतं. चारही मिळून ‘अत्याचार’ ठीक.

त्या अहवालात ‘इंडस्ट्रियल स्कूल’ वारंवार येतं. त्याचं ‘औद्योगिक शाळा’ केलं की वाचकाला आयटीआय वाटणार. प्रत्यक्षात तिथे मुलं कोर्टाच्या हुकमाने डांबली जात, पुष्कळशी केवळ घरच्या गरिबीपायी. आपल्या ओळखीचं ‘रिमांड होम’ त्याच्या जास्त जवळ जातं.

सध्याची चर्चा मात्र नेहमीच्या आणि निवासी शाळांची आहे. या शाळा कॅथलिक धर्मसंघ चालवत. ज्येष्ठ वकील मेरी ओ’टूल यांच्या प्राथमिक चौकशीचा अहवाल सप्टेंबर 2024 मध्ये आला: 308 शाळा, 2,395 आरोप, 884 आरोपित. हे आकडे कुणा पत्रकाराने जमवलेले नाहीत, ते त्या संघांच्याच दप्तरांतून निघाले. म्हणजे तक्रारी नोंदलेल्या होत्या! यातले 590 आरोप 17 विशेष शाळांमधले, म्हणजे अपंग किंवा वेगळ्या गरजा असलेल्या मुलांच्या शाळांमधले आहेत, हे वाचून मी बराच वेळ पुढे वाचू शकलो नाही. पूर्ण आयोग नेमावा ही शिफारस सरकारने मान्य केली.

‘तपास’ आणि ‘चौकशी’ यांत गल्लत नको. तपास पोलिसांचा. आयोग चौकशी करतो, निष्कर्ष काढतो, शिफारशी करतो. शिक्षा देत नाही. आपल्याकडच्या 1952 च्या चौकशी आयोग कायद्याखालच्या आयोगांचंही तसंच. म्हणून ‘आयोगाने शिक्षा सुनावली’ असं वाक्य कुठे दिसलं तर खोडावं.

राहिला ‘कथित’. गुन्हा सिद्ध होईपर्यंत ‘आरोपित’ म्हणणं न्यायाला धरून आहे. पण ‘कथित पीडित’ लिहू नये, त्यात तक्रार करणाऱ्यालाच खोटं ठरवल्याचा भास होतो. तिथे ‘तक्रारदार’ लिहावं, आणि जबानी दिली असेल तर ‘साक्षीदार’.