चिबड (पाणी साचून खराब झालेला) कोपरा, लेसर लेव्हल आणि पाण्याची वाट

दादा, तुमचं म्हणणं थोडक्यात असं: चोपड्याकडे तीन एकर काळी जमीन, ठिबकवर केळी, आणि जोराचा पाऊस झाला की नाल्याकडच्या कोपऱ्यात चार-चार दिवस पाणी तुंबतं. एक जण लेसर लेव्हल, म्हणजे जमिनीचा उंच-सखलपणा मोजायचं यंत्र, भाड्याने द्यायला तयार आहे, दुसरा ट्रॅक्टरच्या लेसर लेव्हलरने, म्हणजे माती कापून सपाट करणाऱ्या अवजाराने, अख्खं रान सपाट करून देतो म्हणतो. कोणाला बोलवू, असा तुमचा प्रश्न.

माझं स्पष्ट मत, रान सपाट करू नका. लेसर लेव्हलर पंजाब-हरियाणात पसरला तो भात-गव्हाच्या वाफ्यांसाठी. तिथे पाणी सगळ्या वाफ्यात सारखं उभं राहायला हवं असतं. तुमचं पाणी नळीतून झाडाच्या बुडाशी जातं, त्यामुळे ओलितासाठी सपाटी लागतच नाही. तुमचा त्रास पावसाच्या पाण्याचा आहे. काळी माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि पाणी आत मुरणं जवळजवळ थांबतं. एका एकरावर ५० मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दोन लाख लिटर पाणी आलं. उतार नसेल तर ते जिथे पडलं तिथेच बसणार, आणि केळीची मुळं दोन-तीन दिवसांच्या वर पाण्यात राहिली की काळी पडायला लागतात. पुढेमागे कपाशी घ्याल तर तिलाही हे सोसत नाही. पावसाची उघडीप लांबली आणि मग रानात पाणी साचलं की आकस्मिक मर होते, म्हणजे उभी झाडं अचानक सुकतात, ती आपल्याकडे सगळ्यांनी पाहिली आहे.

तेव्हा आधी लेव्हल भाड्याने घ्या, लेव्हलरचं नंतर बघू. मात्र टाइल्सवाल्यांकडे असते ती हिरव्या रेषांची लेसर नको, उन्हात तिची रेष दिसत नाही. गोल फिरणारी, तिपाईवरची रोटरी लेसर घ्या, सोबत रिसिव्हर आणि मोजपट्टी. किरण डोळ्यांना दिसला नाही तरी चालतो, पट्टीवर किरण कुठे लागला ते रिसिव्हर आवाज देऊन सांगतो. जमिनीपासून त्या जागेची उंची म्हणजे रीडिंग.

भाड्याच्या यंत्रावर डोळे झाकून विश्वास टाकू नका. तिपाई घट्ट जमिनीवर लावा, ५० मीटरवर एक खुंटी ठोकून रीडिंग घ्या. मग यंत्र तिपाईवर अर्धं फिरवून त्याच खुंटीवर पुन्हा घ्या. दोन रीडिंगांत १ सेंटिमीटर फरक आला तर यंत्र ५० मीटरमागे अर्धा सेंटिमीटर चुकतंय. तेवढं चालेल. तीन-चार सेंटिमीटर आला तर यंत्र परत करा. काटकोनात फिरवून दुसऱ्या दिशेलाही हेच बघा. शिवाय विहिरीच्या कठड्यावर एक पक्की खूण करून सुरुवातीला आणि शेवटी तिचं रीडिंग घ्या. मऊ रानात तिपाईचा पाय खचतो आणि सगळी मेहनत वाया जाते, ते या खुणेवरून लगेच कळतं. भेगाळलेल्या रानात मोजपट्टीखाली फरशीचा तुकडा ठेवा, नाहीतर पट्टी भेगेत उतरते आणि नसलेला खड्डा दिसतो.

मोजायला सुरुवात कोपऱ्यापासून करू नका, नाल्याच्या तळापासून करा. लोक इथेच घाई करतात. पाणी जाणार कुठे हे ठरल्याशिवाय माती हलवण्याला अर्थ नाही. पांझरा नदीकाठच्या जुन्या फडांतसुद्धा (बंधाऱ्याच्या पाटावर एकत्र भिजणाऱ्या रानांतसुद्धा) जास्तीचं पाणी नाल्यात परत सोडायला वाट ठेवलेली असायची. ज्यांनी यंत्राविना पाटाचा उतार काढला त्यांनी ती आधी ठरवली होती.

समजा, रान १२० मीटर लांब, १०० मीटर रुंद आहे. दर २० मीटरला एक खूण धरली तर ४२ जागा होतात, दोन माणसांचं सकाळचं काम. एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, रीडिंग मोठं म्हणजे जमीन खाली. समजा वरच्या बांधाजवळ ११२ सेंटिमीटर आलं, खालच्या बांधाजवळ सरासरी १३०. म्हणजे १२० मीटरमध्ये १८ सेंटिमीटर, ०.१५ टक्के उतार. कमी आहे. पाणी तुंबतं त्या कोपऱ्यात १४७. आता रस्त्याखालच्या नळ्याच्या तळाशी पट्टी धरली आणि १५२ आलं, तर तो नळा कोपऱ्यापेक्षा फक्त ५ सेंटिमीटर खाली आहे. पाणी बाहेर काढायचा चर कितीही खोल खोदा, नळ्याचं तोंडच वर असल्यामुळे पाणी चरातच उभं राहील. तेच नाल्याच्या तळाशी २३५ आलं तर ८८ सेंटिमीटर हाताशी आहेत. मग लांब पडलं तरी चर नाल्यापर्यंतच न्यायचा. तापीच्या उत्तरेला तुमच्याकडे रानांचा मूळ कल सातपुड्याकडून दक्षिणेला असतो, इकडे अमळनेर-पारोळ्याला उलटा, उत्तरेकडे. त्या मूळ कलाच्या विरोधात चर ओढायचा प्रयत्न करू नका.

चराला १०० मीटरमागे निदान २० सेंटिमीटर उतार द्या, तळाला अर्धा मीटर रुंदी, ६० सेंटिमीटर खोली. बाजू उभ्या कापू नका, काळी माती पहिल्याच पावसात ढासळते. एक मीटर खोलीला दीड मीटर सरक ठेवा. या मापाने १०० मीटर चरातून ८४ घनमीटर, म्हणजे साधारण ३० ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट) माती निघते. ती कुठे टाकायची हे जेसीबी सुरू होण्याआधीच ठरवा. चालकाला सांगितलं नाही तर तो ती चराच्या काठावर रानाच्या बाजूने लावतो. तिचा बांध तयार होतो आणि पाणी चरात उतरतच नाही. असे चर मी गावोगाव पाहिलेत, वर ढीग, आत कोरडा चर, आणि चराच्या अलीकडे पाण्यात उभी केळी.

तीच माती कोपऱ्यात वापरा. तुमचा खोलगट भाग १० गुंठे आणि सरासरी ८ सेंटिमीटर खोल धरला तर २८-२९ ब्रास लागतात, भर बसते म्हणून वीस टक्के जास्त धरा. पण चराच्या तळाची माती कसहीन असते, कधी चुनखडीचे खडे निघतात. म्हणून कोपऱ्याची वरची अर्धा फूट माती आधी बाजूला ओढून घ्या, भर टाका, आणि तीच माती पुन्हा वर पसरा. भर एकदम टाकू नका. अर्ध्या फुटाचे थर, ढेकळं फोडून. लेव्हलरवाले हे करत नाहीत. ते उंचवट्यावरची चांगली माती कापून खड्ड्यात गाडतात आणि उंचवट्यावर पांढरट माती उघडी पडते. तिथे पुढची काही वर्षं पीक पिवळं दिसतं.

राहिला रानाचा उतार. इक्रिसॅट या शेती संशोधन संस्थेने काळ्या जमिनीसाठी रुंद वरंबा-सरी पद्धत बसवली, तिच्यात सरीला ०.४ ते ०.८ टक्के उतार धरतात. तुमच्या रानात तेवढा आणायचा तर माती फार हलवावी लागेल. एका एकरावर १ सेंटिमीटर माती म्हणजेच १४ ब्रास, त्यावरून खर्चाचा अंदाज बांधा. मी ०.२ ते ०.२५ वर थांबेन, पण तो एकसारखा हवा. मध्ये कुठे डबकं नको. ०.२५ साठी दर १० मीटरला रीडिंग अडीच सेंटिमीटरने वाढलं पाहिजे. यंत्रात उतार लावायची सोय असेल तर लावा, पण ५० मीटरवर १२.५ सेंटिमीटरचा फरक येतोय का आणि तो योग्य बाजूला येतोय का, हे बघा. केळीचे गादीवाफे याच उताराच्या दिशेने काढा. आडवे काढले तर प्रत्येक वाफा छोटा बांधच होतो.

चर शेजाऱ्याच्या रानात सोडू नका. पाण्याच्या नैसर्गिक वाटेवर कोणी खालच्या बाजूने बांध घातला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दाद मागता येते, अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. त्याआधी शेजाऱ्याला ही रीडिंगं दाखवा. आकडे समोर असले की बोलणं सोपं होतं.

हे सगळं एप्रिल-मेमध्ये, मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची केळीची लागवड) लागण्याआधी, रान कोरडं असताना करा. ओल्या काळ्या मातीवर जेसीबी फिरला तर खालची माती दबून पाट्यासारखी होते, मग तुंबणं वाढेल. पहिल्या दोन मोठ्या पावसांत भर थोडी बसणारच. वाफसा आल्यावर त्याच कोपऱ्यात पुन्हा रीडिंग घेऊन फावड्याने डागडुजी करा.

सध्या विहिरीचा कठडा, कोपरा, रस्त्याखालचा नळा आणि नाल्याचा तळ, एवढी चार रीडिंगं आणि त्यांच्यातली अंतरं इथे टाका. चर कुठून काढायचा ते मी मापांसह सांगतो.