मुलीला बारावीनंतर ‘क्वांटम मटेरियल्स’ शिकायचं आहे. कोणती पदवी घ्यावी?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलगी परभणीत बारावीला, पीसीएम ग्रुप. नीट नको, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगही नको, ‘क्वांटम मटेरियल्स’च शिकायचं म्हणते. अशी पदवी असते का, मराठवाड्यात राहून जमेल का आणि पुढे पोटापाण्याचं काय, असं तिच्या वडिलांनी विचारलं आहे.

उत्तर आधी सांगतो, कारणं नंतर. या नावाची पदवी शोधत बसू नका. पहिली पदवी भौतिकशास्त्राची घेऊ द्या, गणित सोडू देऊ नका आणि जिथे प्रयोगशाळेला कुलूप नसतं असं कॉलेज निवडा. क्वांटम मटेरियल्सचा खरा अभ्यास एम.एस्सी.च्या शेवटी आणि पीएच.डी.त सुरू होतो. माझं बी.एस्सी. मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या गावी झालं, पीएच.डी. अतिशीत तापमानाच्या भौतिकशास्त्रात, आणि आता मी पदवीच्या मुलांना शिकवतो. त्या अनुभवावरून लिहितो आहे.

मुलगी नेमकं काय म्हणते आहे, ते आधी तुम्हाला कळायला हवं. पशुवैद्यकीय दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा ज्या कंटेनरमध्ये ठेवतात तो तुम्ही पाहिला असेल. अरुंद तोंडाचा, झाकण काढलं की पांढरी वाफ खाली सांडते. आत द्रवरूप नायट्रोजन असतो, उणे १९६ अंश सेल्सिअसचा. यिट्रियम, बेरियम आणि तांबं यांच्या ऑक्साइडची एक काळी टिकडी असते, रुपयाच्या नाण्याएवढी. ती या नायट्रोजनमध्ये थंड केली की तिचा विजेला होणारा रोध शून्य होतो. कमी नाही, शून्य. वर छोटं चुंबक ठेवलं तर ते अधांतरी तरंगतं. याला अतिसंवाहकता म्हणतात.

हा गुण पहिल्यांदा दिसला १९११ मध्ये, हॉलंडमधल्या लायडन इथे, पाऱ्यात. पण त्यासाठी पारा उणे २६९ अंशांपर्यंत थंड करावा लागला होता. पुढची पंचाहत्तर वर्षं प्रगती मुंगीच्या पावलानं झाली. मग १९८६ मध्ये झुरिकजवळ आयबीएमच्या प्रयोगशाळेत बेडनॉर्झ आणि म्युलर यांनी तांब्याच्या ऑक्साइडांचं नवं कुटुंबच शोधून काढलं. दुसऱ्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच वर्षी वर सांगितलेली काळी टिकडी निघाली. ती उणे १८० अंशांनाच अतिसंवाहक होते, म्हणून तिला दवाखान्यातला नायट्रोजन पुरतो. ती असं का वागते, यावर मात्र शास्त्रज्ञांचं आजही एकमत नाही. तुमच्या मुलीला ज्या प्रश्नाची ओढ लागली आहे तो असा उघडा प्रश्न आहे.

आता यात ‘क्वांटम’ कुठे आलं? खरं तर प्रत्येक पदार्थ तळाशी क्वांटमच्याच नियमांनी चालतो. १९२८ मध्ये फेलिक्स ब्लॉख यांनी स्फटिकातला इलेक्ट्रॉन कसा वागतो याचं गणित मांडलं. त्यातून तांब्यातून वीज का वाहते आणि हिऱ्यातून का नाही, हे उलगडलं. सिलिकॉनच्या चिपचा सगळा डोलारा याच गणितावर उभा आहे. या गणितात प्रत्येक इलेक्ट्रॉन एकटा आहे असं धरतात, आणि बहुतेक पदार्थांत ते चालून जातं. निकेल ऑक्साइडमध्ये चालत नाही. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत बरणीत ठेवलेली ही हिरवट पूड. हिशोबाप्रमाणे तिच्यातून धातूसारखी वीज वाहायला हवी, पण ती चक्क विद्युतरोधक आहे. १९३७ मध्ये हा घोळ ध्यानात आला. नेव्हिल मॉट यांनी पुढे कारण दाखवून दिलं: तिथले इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके दूर लोटतात की कुणालाच जागचं हलता येत नाही. इलेक्ट्रॉनांना एकटं धरून जिथे भागत नाही, किंवा त्यांचं क्वांटम वागणं जिथे मोजमापात ठळक उठून दिसतं, ते पदार्थ म्हणजे क्वांटम मटेरियल्स. अतिसंवाहक, कार्बनचा एका अणूच्या जाडीचा थर म्हणजे ग्राफीन, आतून रोधक पण पृष्ठभागावर वाहक असे टोपॉलॉजिकल इन्सुलेटर, चमत्कारिक चुंबकं, हे सगळं त्यात आलं.

हे समजून घ्यायला लागतं काय, तर आधी मॅट्रिक्स आणि आयगनव्हॅल्यू यांचं गणित, मग क्वांटम मेकॅनिक्स, मग स्टॅटिस्टिकल मेकॅनिक्स, मग सॉलिड स्टेट. ही चढण सोडून वरच्या पायरीवर उडी मारता येत नाही, आणि ती चढायलाच तीन-चार वर्षं जातात. म्हणून पदवीच्या पाटीवर ‘क्वांटम’ लिहिलं आहे का, याला मी फार किंमत देत नाही. अभ्यासक्रमात हे चार विषय किती खोल आहेत ते बघा.

मटेरियल सायन्सचं इंजिनिअरिंग घ्यावं का, हा प्रश्न पुढे येईलच. शाखा चांगली आहे आणि नोकरीच्या दृष्टीनं भौतिकशास्त्रापेक्षा लवकर हाताशी येते. पण तिचा गाभा धातुशास्त्राचा: लोखंड-कार्बनचा फेज डायग्राम, उष्णतोपचार, ताण, गंज. तुमच्या मुलीला जे हवं आहे त्याची त्यात ओळख होते, अभ्यास होत नाही. तंत्रशिक्षणावर देखरेख करणाऱ्या एआयसीटीईनं इंजिनिअरिंगच्या मुलांसाठी क्वांटम तंत्रज्ञानाचा मायनर अभ्यासक्रमही आणला आहे. मुख्य शाखा दुसरी आणि जोडीला काही पेपर, असा तो प्रकार. इंजिनिअरिंगच करायचं ठरलं तर आयआयटीतली इंजिनिअरिंग फिजिक्स ही शाखा तिच्या आवडीला जास्त जवळची आहे.

माझी पहिली पसंती आयसरला, म्हणजे विज्ञानाचं शिक्षण आणि संशोधन एकत्र चालणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थांना. पुण्याची आयसर २००६ पासून आहे, देशात एकूण सात आहेत. पाच वर्षांत बी.एस.-एम.एस. दोन्ही होतं आणि शेवटचं वर्ष संशोधनाचं असतं. प्रवेश आयएटी या परीक्षेतून. यात एक गोष्ट आपल्याकडच्या पालकांच्या नजरेतून हमखास सुटते: आयएटीच्या ६० प्रश्नांत भौतिक, रसायन, गणित आणि जीवशास्त्र यांचे प्रत्येकी १५ प्रश्न असतात. पीसीएमच्या मुलीनं जीवशास्त्राला हातच लावला नाही तर एक चतुर्थांश पेपर गेला. अकरावी-बारावीच्या एनसीईआरटीच्या जीवशास्त्राची दोन वाचनं केली तरी बराच फरक पडतो. भुवनेश्वरची नायसर आणि मुंबईचं सीईबीएस या तशाच मूलभूत विज्ञानाच्या संस्थांसाठी नेस्ट ही वेगळी परीक्षा आहे. बंगळुरूच्या आयआयएस्सीत चार वर्षांची पदवी आहे आणि तिथे मटेरियल्स हा विषय मेजर म्हणून घेता येतो. नावाच्या दृष्टीनं मुलीच्या मागणीला सगळ्यात जवळचं तेच, पण जागा मोजक्याच.

आणि यातलं काहीच जमलं नाही तर? तर मराठवाड्यातच बी.एस्सी. करू द्या. हे मी मन राखायला म्हणत नाही. आपल्याकडे ‘बी.एस्सी. करून काय, शेवटी बी.एड.’ असं सर्रास बोललं जातं, आणि त्या बोलण्यानं कितीतरी हुशार मुलं आवडीच्या विषयाला पारखी झाली आहेत. संभाजीनगर आणि नांदेड या दोन्ही विद्यापीठांच्या परिसरात फेराइट या चुंबकीय पदार्थांवर वर्षानुवर्षं काम चालू आहे. फेराइट हा काही क्वांटम मटेरियल्सच्या आघाडीवरचा विषय नाही. पण त्यात हात आणि नजर तयार होतात.

कसे, ते सांगतो. लोह आणि कोबाल्टची नायट्रेटं सायट्रिक ॲसिडबरोबर पाण्यात विरघळवायची, थेंब थेंब अमोनिया टाकत पीएच सातवर आणायचा आणि हॉट प्लेटवर ८०-९० अंशांना ढवळत ठेवायचं. काही तासांत मधासारखा दाट जेल होतो. तो आणखी तापवला की आपोआप पेट घेतो आणि भांड्यात भुसभुशीत काळपट पूड उरते. ती खलायची, मफल फर्नेस या भट्टीत भाजायची आणि एक्सआरडीला, म्हणजे क्ष-किरणांनी स्फटिकरचना तपासायला, पाठवायची. आलेखात साडेपस्तीस अंशांच्या आसपास सगळ्यात उंच शिखर आलं की फेराइट बनलं म्हणून मुलं खूश होतात. पण तेहतीस अंशांजवळ एखादं बारीक शिखर डोकं वर काढत असेल, तर थोडं लोह हेमेटाइट, म्हणजे नुसतं लोहाचं ऑक्साइड, होऊन बसलेलं आहे. घाईतला विद्यार्थी ते नॉइज म्हणून सोडून देतो. जो थांबतो आणि पुन्हा खलायला बसतो, तो पुढे कुठल्याही प्रयोगशाळेत टिकतो.

या बारीक शिखराचं महत्त्व केवढं, ते २०२३ मध्ये साऱ्या जगानं पाहिलं. तुमच्या मुलीनंही ते व्हिडिओ बहुधा पाहिले असतील. जुलैमध्ये दक्षिण कोरियाच्या एका गटानं दावा केला की शिसं, तांबं आणि फॉस्फेट यांचा ‘एलके-९९’ नावाचा पदार्थ साध्या खोलीच्या तापमानाला अतिसंवाहक आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेसह अनेकांनी तो बनवून पाहिला, अतिसंवाहकता सापडली नाही. मग कोरियन गटाच्या मोजमापात रोध अचानक घसरलेला दिसत होता तो का? नमुन्यात कॉपर सल्फाइडची भेसळ राहिली होती. शंभर अंशांच्या थोडं वर त्याची रचना बदलते आणि रोध घसरतो. त्या भेसळीनं भल्याभल्यांना काही आठवडे झुलवत ठेवलं. नमुना शुद्ध आहे का, हे स्वतःशी प्रामाणिक राहून ओळखणं हे या क्षेत्रातलं निम्मं काम आहे आणि ते बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षापासून शिकता येतं.

मात्र एका बाबतीत मला मनापासून चिंता वाटते. लातूर पॅटर्नच्या नावाखाली आता गावोगावी जे चाललं आहे, त्यात मुलं एमसीक्यू सोडवण्यात तरबेज होतात, आणि तो सराव प्रवेश परीक्षेला उपयोगीही पडतो. पण प्रॅक्टिकलची वही दुसऱ्याची बघून उतरवली जाते आणि कित्येक मुलांनी बारावीपर्यंत व्हर्निअर कॅलिपर नीट हातात धरलेला नसतो. या विषयाला असा विद्यार्थी चालत नाही.

स्थानिक बी.एस्सी. केलं तर पुढचा रस्ता जॅम या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेतून जातो. आयआयटीत एम.एस्सी. त्यातूनच मिळते. मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेची जीएस आणि अनेक संशोधन संस्थांची मिळून जेस्ट या परीक्षाही आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातलं चौथं ऑनर्सचं वर्ष आहे, पण जॅम निघाली तर मी तीन वर्षांनी बाहेर पडायला सांगेन. दरम्यान उन्हाळ्याच्या सुट्ट्या वाया घालवू नयेत. बंगळुरूच्या इंडियन ॲकॅडमी ऑफ सायन्सेसची समर फेलोशिप दोन महिन्यांची असते; बी.एस्सी.ची मुलंही त्यातून मोठ्या प्रयोगशाळेत जाऊन काम करतात. आपल्याला इंदूरही लांब नाही. तिथे यूजीसी-डीएई कन्सॉर्शियम या संशोधन केंद्रात अतिशीत तापमानाची मोजमापं होतात आणि आरआरकॅट या अणुऊर्जा विभागाच्या संस्थेत इंडस-२ हा सिंक्रोट्रॉन, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणारं मोठं यंत्र, आहे. आपल्या विद्यापीठांतले संशोधक नमुने घेऊन तिथे जातात. असा एखादा मार्गदर्शक मुलीला लवकर भेटला तर सोनंच.

पैशाचं स्पष्ट सांगतो. बारावीच्या बोर्डात वरच्या एक टक्क्यात आली आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर इन्स्पायर शिष्यवृत्ती वर्षाला ८० हजारांची आहे. पीएच.डी.ला घरून पैसे घालावे लागत नाहीत, उलट मिळतात: नेट-जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्तीची परीक्षा पास झाली की महिना ३७ हजार आणि वर घरभाडं. पण कायमची नोकरी तिशीच्या आसपास लागते, हे घरात सगळ्यांना आजच माहीत असू द्या. लग्नाची घाई करणाऱ्या नातेवाइकांना तर विशेष. प्राध्यापकी आणि संशोधन संस्था हा मुख्य रस्ता. व्हॅक्यूम, पातळ थर बसवणं, एक्सआरडी, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप हे ज्याला येतं त्याला सेमीकंडक्टरच्या कारखान्यांतही मागणी असते.

केंद्र सरकारच्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला एप्रिल २०२३ मध्ये ६००३.६५ कोटी मंजूर झाले आणि त्यात क्वांटम मटेरियल्सचं केंद्र आयआयटी दिल्लीला आहे. त्या भरवशावर मात्र निर्णय घेऊ नका. मिशनची मुदत २०३०-३१ पर्यंतची आहे, मुलगी पीएच.डी.च्या दारात पोचेल तोवर ती संपत आलेली असेल. मला जास्त आशा वाटते ती आपल्या हिंगोलीतल्या लायगो-इंडियाची. औंढा नागनाथजवळ होणाऱ्या, गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेलाही त्याच महिन्यात मंजुरी मिळाली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांच्या टोकांना आरसे असतात आणि त्या आरशांवरच्या पातळ लेपातली अणूंची थरथर ही आजच्या वेधशाळांपुढची मोठी अडचण आहे. म्हणजे शेवटी प्रश्न पदार्थाचाच. परभणीच्या मुलीला घरापासून दोन तासांच्या आत असं काम असणं, ही आपल्या भागात याआधी कधी न घडलेली गोष्ट आहे.

आयएटीचे फॉर्म साधारण मार्चच्या आसपास निघतात आणि परीक्षा मे-जूनमध्ये असते, तेवढी तारीख संकेतस्थळावर बघत राहा. आणि बी.एस्सी.साठी कॉलेज बघायला गेलात तर माहितीपत्रक घेऊन परत येऊ नका. मागच्या बाजूला भौतिकशास्त्र विभागात जा, एम.एस्सी.ची मुलं काम करत असतील त्यांना विचारा: फर्नेस चालू आहे का, एक्सआरडी कुठून करून आणता आणि बी.एस्सी.च्या मुलांना नमुना बनवू देतात का?