अनुहेआ, आणि आत्याचा मान

"मुलीचं नाव जरा वेगळं ठेवलंय. अर्थ छान आहे, पण कुणालाच नीट घेता येत नाही. शाळेत चिडवतील का? आत्ताच बदलून टाकू का?"

हा प्रश्न माझ्याकडे दर महिन्या-दोन महिन्यांनी येतो. कधी आई विचारते, कधी बाबा, आणि एकदा तर आजोबाच आले होते. त्यावर 'बदला' किंवा 'बदलू नका' असं एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून एका घराची हकिकत सांगते. घरच्यांच्या परवानगीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुलीची आई हवाई बेटांवरच्या हिलो गावातून फोनवर बोलत होती. माझ्याकडे सकाळचे नऊ, तिच्याकडे आदल्या दिवशीची संध्याकाळ, साडेपाच. मागे पत्र्यावर पाऊस वाजत होता. हिलोत वर्षाला ३,००० मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यामुळे आमच्या बहुतेक बोलण्याला तो आवाज होताच. नवरा मौना केआ पर्वतावरच्या दुर्बिणींच्या कामात. मांडीवर चार महिन्यांची मुलगी. नाव अनुहेआ.

"ताई, मला एवढंच सांगा, हे नाव ठेवून आम्ही चूक केली का?"

तिनं नावांच्या याद्या पालथ्या घातल्या होत्या. 'लेइलानी' सगळीकडे सापडतं. अलीकडे अमेरिकेत मुलींच्या पहिल्या शंभर नावांत ते असतं. अनुहेआ मात्र कुठेच वर दिसत नव्हतं. अमेरिकेचं सामाजिक सुरक्षा खातं १८८० पासूनच्या जन्मांची नावं प्रसिद्ध करतं, पण एखाद्या वर्षी पाचपेक्षा कमी बाळांना दिलेलं नाव त्या यादीत छापतच नाहीत. हे कळल्यावर ती आणखी घाबरली. इतकं दुर्मिळ नाव घेऊन पोर एकटी पडेल, असं तिच्या मनानं घेतलं.

मी विचारलं, "घरी तिला काय म्हणता?"

"आम्ही अनुहेआच म्हणतो. सांगलीला सासूबाई 'बाळ' म्हणतात. चार महिन्यांत एकदाही नाव घेतलेलं नाही त्यांनी."

वहीत मी हेच वाक्य लिहून घेतलं. याद्यांमधला क्रमांक राहिला बाजूला.

नाव आलं कुठून, ते तिनं सांगितलं. बाळंतपणाला तिच्या आईला व्हिसा वेळेत मिळाला नाही. शेजारी एक म्हातारी बाई राहतात, मूळच्या हवाईच्या. सगळी आळी त्यांना 'तूतू' म्हणते, म्हणजे आजी. त्यांनीच हिला सांभाळलं. बाळ घरी आलं त्या संध्याकाळी पाऊस नुकताच थांबला होता आणि वरच्या रानाकडून गार, सुवासिक वारा आला. तूतू म्हणाल्या, याला आमच्याकडे शब्द आहे, अनुहेआ. डोंगरातल्या रानाचा मंद, गारवा असलेला सुगंध. 'अनु' म्हणजे गार. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, हिला हे नाव दिलं तर चालेल का?

ते विचारणं मला फार महत्त्वाचं वाटलं. जुन्या हवाईयन रीतीत नाव ही माणसाची मालमत्ता मानतात. काही नावं घराण्यांची असतात, ती परक्यानं परस्पर उचलायची नसतात. स्वप्नात मिळालेल्या नावाला 'इनोआ पो' म्हणतात, म्हणजे रात्रीचं नाव. ते डावललं तर बाळाला बाधतं अशी श्रद्धा. दिसलेल्या खुणेवरून ठेवलेलं नाव वेगळं, एखाद्या प्रसंगाची आठवण म्हणून ठेवलेलं वेगळं. हवाईची शेवटची राणी लिलिउओकलानी १८३८ साली जन्मली, तेव्हा घराण्यातल्या एका वडीलधाऱ्या सत्ताधारी स्त्रीचे डोळे दुखत होते. म्हणून बाळाची नावं पडली ती चुरचुर, आसवं, आग आणि दुखरा डोळा अशा अर्थाची! राणीचं म्हणून जे नाव आपल्याला माहीत आहे, ते भाऊ राजा कलाकाउआ यानं तिला वारस ठरवताना, १८७७ साली दिलं. दृष्ट लागू नये म्हणून मुद्दाम ओंगळ नाव ठेवायची चालही तिकडे होती. आपल्याकडच्या धोंडू, दगडू, केरबा यांची सख्खी भावंडंच ती.

हे सगळं मी तिला सांगितलं, कारण तिला स्वतःच्या मुलीच्या नावाचा फक्त अर्थ ठाऊक होता, त्यामागचं घर ठाऊक नव्हतं. आणि सासूबाईंना भेटायचं ठरवलं. नणंद पुण्यातच असते. दोघी एका शनिवारी आल्या.

आजींनी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "नाव वाईट नाही हो. पण आम्हाला विचारलं कुणी? दवाखान्यातच कागदावर लिहून मोकळे झाले. दुसऱ्या दिवशी फोन, 'नाव ठेवलं' म्हणून."

आत्यानं पर्स उघडून एक कागद काढला. पंचांगाप्रमाणे 'र' अक्षर आलं होतं. खाली अकरा नावं, सुबक अक्षरात. दोन खोडलेली, एकाभोवती गोल. चांदीचे वाळे घेऊन ठेवलेले. बारशाला बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगायचं असतं आत्यानं, आणि तिचं सांगणं सुरू व्हायच्या आत सातासमुद्रापार काम उरकलं होतं. तो कागद बघून माझ्याच पोटात कालवलं.

मी आजींना म्हटलं, "तुमचं नाव कसं पडलं, ते सांगाल?"

माहेरचं नाव नदीचं होतं. लग्नात ताम्हणात तांदूळ पसरून नवऱ्यानं अंगठीनं नवं नाव लिहिलं, लक्ष्मीचं. "सगळ्यांनी वाकून वाचलं, तेव्हाच मलाही कळलं." मग बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "आई गेल्यावर त्या नावानं हाक मारणारं कुणी उरलं नाही."

तेव्हा मी त्यांना हवाईतली गोष्ट सांगितली. १८६० साली तिथल्या राजवटीनं कायदा केला, की बापाचं नाव आडनाव म्हणून लावायचं आणि मुलांचं पहिलं नाव ख्रिस्ती ठेवायचं. हवाईयन नाव मागे, दुसऱ्या जागी गेलं. पुढे राणीची सत्ता उलथवली, १८९६ साली शाळा इंग्रजी झाल्या. १९८० च्या सुमारास, निहाऊ बेट सोडलं तर, हवाईयन बोलणारी लहान मुलं पन्नासही उरली नव्हती. नावांचा तो कायदा रद्द झाला १९६७ साली. १९७८ मध्ये भाषेला राज्यघटनेत जागा मिळाली, १९८४ मध्ये 'पूनाना लेओ' म्हणजे आवाजाचं घरटं, या नावानं बालवाड्या निघाल्या. तूतूंच्या वयाच्या कितीतरी माणसांचं खरं नाव त्यामुळे घरात एक आणि कागदावर दुसरं असं राहिलं.

आजी पटकन म्हणाल्या, "आणि तिनं विचारून दिलं होय नाव?"

"विचारून दिलं."

"मग तिचं काही चुकलं नाही. आमच्या पोरांचं चुकलं."

त्याच संध्याकाळी मुलानं फोन करून आईची आणि बहिणीची माफी मागितली. नावाबद्दल नाही, न विचारल्याबद्दल. माझ्या मते या घरात करायचं मोठं काम तेवढंच होतं.

आता चिडवण्याबद्दल. मुलं कुठल्याही नावावरून चिडवतात, अगदी साध्यासुध्या नावावरूनही. माझ्या अनुभवात टिकून राहतं ते मूल, ज्याला आपल्या नावाची गोष्ट दोन वाक्यांत सांगता येते, आणि ज्याच्या घरचे सगळे ते नाव तोंडभरून घेतात. सातारा जिल्ह्यात २०११ साली २८५ मुलींची नावं समारंभानं बदलली, आठवत असेल. त्यांची नावं होती 'नकोशी', 'नकुसा'. तिथे बदलणं गरजेचंच होतं, कारण मुलीला रोज हाकेतून नकार ऐकू येत होता. अनुहेआ अवघड असेल, पण त्या हाकेत नकार नाही.

ज्यांना दूरच्या भाषेतलं नाव आवडलंय, त्यांनी आधी त्या भाषेचा कान करून घ्यावा. हवाईयन लिपीत पाच स्वर आणि आठ व्यंजनं. 'र' आणि 'स' नाहीतच, त्यामुळे 'हवाईयन नाव' म्हणून यादीत 'र' दिसला की सावध व्हा. तिकडे मारियाची मालिया झाली ती याचमुळे. शब्द नेहमी स्वरानं संपतो. आणि आठवं व्यंजन, ओकिना, म्हणजे घशात क्षणभर आवाज अडवणं. तेवढ्यानं अर्थ फिरतो: 'केआला' सरळ म्हटलं तर वाट, 'के' नंतर अडवून म्हटलं तर सुगंध. त्या भाषेचं कुणी भेटलं तर त्याच्या तोंडून एकदा ऐकाच. अनुहेआत ओकिना नाही. अ-नु-हे-आ, जोर 'हे'वर. आपल्या देवनागरीत ते जसंच्या तसं लिहिता येतं, ही आजींना फार आवडलेली बाब.

बारसं पाचव्या महिन्यात सांगलीला झालं. तूतूंनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला होता. आत्यानं तो आठवडाभर ऐकून पाठ केला. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, आत्या कानाशी वाकली, आधी अनुहेआ म्हणाली आणि मग पाळण्यातलं नाव, तिच्या कागदावरचं, गोल केलेलं.

मला त्या दिवशीचा एक फोटो आला. ताम्हणात तांदळावर आजींनी अंगठीनं लिहिलेलं नाव. 'अनुहे' पर्यंत अक्षरं ऐसपैस, 'आ'ला जागा उरली नव्हती. म्हणून त्यांनी कडेला आणखी एक मूठ तांदूळ पसरले होते, ताम्हणाबाहेर, पाटावर, आणि 'आ' तिथे लिहिला होता.