घरी रंग लावला आणि केसांची मुळं केशरी झाली, आता काय करू?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. दोन वर्षं नॅचरल ब्लॅक लावत होतात, मग सहा महिने काहीच लावलं नाही, आणि परवा घरीच लाइट अ‍ॅश ब्राउनचा, म्हणजे फिक्या राखाडी तपकिरी रंगाचा डबा आणून पूर्ण केसांना लावलात. आता मुळांशी चार बोटं केशरी, त्याखाली जसंच्या तसं काळं, कानशिलावरच्या पांढऱ्या केसांवर मात्र छान राखाडी तपकिरी, आणि दहा दिवसांवर भाचीचं लग्न. नणंद म्हणते, सरळ काळा लावून टाक. मैत्रीण म्हणते, तोच डबा पुन्हा लाव.

ताई, दोन्ही करू नका. मी सांगलीत अठरा वर्षं पार्लर चालवते. लग्नसराईत अशा अवस्थेत कोणी ना कोणी रडवेलं होऊन येतंच, आणि जिने मधे स्वतःहून आणखी काही लावलेलं नसतं तिचं काम सोपं होतं. तुमचं दहा दिवसांत आरामात सुधारेल. आज मात्र केसांना हात लावू नका.

आधी आरसा घेऊन खिडकीपाशी या. ट्यूबलाइटखाली नको, दिवसाच्या उजेडात. कानशिलावरचे ते पांढरे केस नीट बघा. तिथे जो रंग दिसतोय तोच डब्यातला खरा रंग. म्हणजे डबा खोटा निघाला नाही. पांढऱ्या केसात स्वतःचा रंग उरलेलाच नसतो, त्यामुळे लावलेला रंग जसाच्या तसा दिसतो. मुळांशी दिसणारा केशरी डब्यातून आलेला नाही, तो तुमच्याच केसातला आहे. एवढं पटलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

डब्यातल्या बाटलीत जो डेव्हलपर असतो तो हायड्रोजन पेरॉक्साइड. घरगुती किटमध्ये तो बहुधा ६ टक्के असतो, आम्ही त्याला २० व्हॉल्यूम म्हणतो. तो एकाच वेळी दोन कामं करतो. नवीन रंग पक्का करतो आणि केसातला मूळ काळा रंग फिका करतो. आपला काळा केस फिका व्हायला लागला की आधी लालसर होतो, आणखी उजळला की केशरी, मग पिवळा, आणि अगदी शेवटी केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा फिकट. मधली पायरी गाळता येत नाही. तुमच्या मुळांशी कोरे केस होते, ते फिके होऊन लाल-केशरीच्या पायरीवर येऊन थांबले, आणि हलक्या अ‍ॅशमध्ये तेवढा केशरी झाकायची ताकद नव्हती. त्यात टाळूची ऊब. टाळूलगतच्या बोटभर जागेत हे काम भराभर होतं, म्हणून भांगात सगळ्यात जास्त भडक दिसतंय.

खालचे केस का हलले नाहीत? कारण त्यांच्यावर दोन वर्षांचा काळा रंग चढलेला आहे, आणि रंग लावून आधीचा रंग उजळत नाही. त्याला ब्लीचच लागतं. तोच डबा पुन्हा लावलात तर खाली काही होणार नाही आणि मुळं मात्र आणखी उजळतील, म्हणजे आणखी केशरी. मैत्रिणीचा सल्ला इथे बाद होतो. नणंदेचा काळ्याचा सल्ला लग्नापुरता चालून जाईलही, पण पुढे कधी तपकिरी करायचं मनात आलं तर मुळांपासून टोकापर्यंत ब्लीच करत बसावं लागेल. त्यापायी केसांचं वाटोळं झालेलं मी पाहिलंय.

शाळेत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसला असाल तर रंगचक्र आठवत असेल. समोरासमोरचे रंग हे विरोधी रंग: लालसमोर हिरवा, केशरीसमोर निळा, पिवळ्यासमोर जांभळा. विरोधी रंग एकमेकांत मिसळले की दोघांचाही भडकपणा जातो आणि मातकट, तपकिरी छटा उरते. पार्लरमधलं टोनिंग म्हणजे एवढंच. केशरीवर निळी छटा हवी, आणि अ‍ॅश शेडमध्ये बहुतेक कंपन्या तीच घालतात. केशरीपेक्षा लाल जास्त मारत असेल तर हिरवट छटेची शेड, तिला मॅट म्हणतात.

बाजारात मिळणारा जांभळा शाम्पू घेऊ नका. तो पिवळ्यासाठी, म्हणजे ब्लीच करून सोनेरी केलेल्या केसांसाठी असतो. तुमच्यासारख्या केसांवर तो ओतून बायका पैसे घालवतात आणि मग म्हणतात टोनिंगचा काही उपयोग नाही. निळा शाम्पू मिळतो, तो चालेल, पण तो रंग टिकवायला. मुळातलं दुरुस्त करायला तो पुरणार नाही.

तुमच्यासाठी मी असं करेन. पार्लरचं सामान मिळतं त्या दुकानात जा, तिथे रंगाची ट्यूब आणि डेव्हलपर वेगवेगळे मिळतात. शेडच्या आकड्यात पहिला आकडा गडदपणाचा: १ म्हणजे काळा, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. टिंबानंतरचा आकडा छटेचा; .० म्हणजे साधा रंग, वेगळी छटा नसलेला, आणि .१ म्हणजे बहुतेक ठिकाणी अ‍ॅश. कंपनीप्रमाणे थोडा फरक पडतो, म्हणून नावही वाचा. तुमची मुळं वर्णनावरून ५ च्या आसपास असावीत. ४.० आणि ४.१ निम्मे-निम्मे घ्या, आणि दुकानात अमोनिया नसलेला किंवा डेमी-परमनंट, म्हणजे हळूहळू उतरणारा रंग मागा. नुसता अ‍ॅश लावला तर कानशिलाकडे मळकट, निस्तेज दिसतं. गडदपणाही जाणूनबुजून एक पायरी खालचा घेतला आहे, कारण आपल्याला उजळायचं नाही, झाकायचंय. आणि अशी शेड खालच्या काळ्याशी जुळवून घेते. चार बोटांवरची ती आडवी रेघ बरीच मावळते.

डेव्हलपर १० व्हॉल्यूमचा, म्हणजे ३ टक्के. दुकानदार सवयीने २० चा पुढे करेल, घेऊ नका. २० चा घेतला की मुळं पुन्हा उजळणार, आणि आपण जे झाकतोय तेच खालून वर येणार. प्रमाण ट्यूबच्या कागदावर असतं तेवढंच ठेवा, अंदाजपंचे नको. मुळांपुरतं ३० ग्रॅम रंग भरपूर होतो. वाटी काचेची किंवा प्लास्टिकची घ्या, स्टीलची नको.

लावायच्या ४८ तास आधी कानामागे थोडा तयार रंग लावून बघायचाच. तुम्ही म्हणाल, परवाच तर रंग लावला, काही झालं नाही. तरीही. रंगातल्या पीपीडी या रसायनाची अ‍ॅलर्जी वर्षानुवर्षं रंग लावणाऱ्यांनाही एकदम उमटू शकते. एक गोष्ट लग्नाच्या निमित्ताने सांगून ठेवते: हातावर काढायचे जे तासाभरात काळेकुट्ट रंगणारे कोन मिळतात, त्यात पुष्कळदा हेच पीपीडी असतं. तशा कोनाने कधी हाताला फोड आले असतील तर केसांचा रंग घरी लावूच नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. भाचीच्या मेंदीलाही साधी, हिरवी भिजवलेली मेंदीच असू द्या.

तुम्ही ओझरतं लिहिलंय की पूर्वी एकदा "तयार मेंदी" लावली होती. पाकिटावर नुसती मेंदीची पानं लिहिली असतील तर प्रश्न नाही. पण काही तयार मिश्रणांत धातूंचे क्षार असतात, आणि त्यांच्यावर पेरॉक्साइड पडलं की केस अक्षरशः तापतात. माझ्याकडे एका बाईंचा पुंजका वाटीत बुडवला तर वाटी हाताला गरम लागली होती. त्या दिवशी त्यांना रंग न लावताच परत पाठवलं, त्या नाराज झाल्या, पण इलाज नव्हता. तुम्ही फणीत आलेले केस तयार रंगाच्या चमचाभर मिश्रणात अर्धा तास ठेवून बघा. गरम झालं, फसफसलं किंवा केस चिकट होऊन तुटायला लागले तर तिथेच थांबा.

लग्नाच्या तीन-चार दिवस आधी लावा, म्हणजे कपाळावरचे डाग तोवर निघून जातील. आदल्या दिवशी केस धुऊन ठेवा. खालच्या काळ्या भागाला खोबरेल चोपडा, म्हणजे रंग चुकून लागला तरी तो आणखी गडद होणार नाही. सुरुवात जिथे सगळ्यात भडक केशरी आहे तिथून, तुमच्या बाबतीत भांगापासून. कानशिलाला शेवटी. काळ्याच्या सीमेपर्यंतच न्यायचं, काळ्यावर चढवायचं नाही. टोपी घालू नका, ड्रायर तर नाहीच.

आणि मग घड्याळाकडे नको, केसाकडे बघा. दर पाच मिनिटांनी भांगातले चार केस ओल्या कापसाने पुसा आणि खाली पांढरा कागद धरून खिडकीत बघा. आधी केशरी दिसेल, मग विटकरी, मग एका क्षणी दालचिनीच्या सालीसारखा थंड तपकिरी दिसेल. तिथे धुवायचं. कुणाला दहा मिनिटं लागतात, कुणाला वीस. कागदावर दिलेल्या वेळेच्या पुढे मात्र जायचं नाही.

थांबायचं कधी हे मी महागात शिकले आहे. पार्लर सुरू केलं त्या सुमारास एक कॉलेजची मुलगी आली होती, टोकं ब्लीच करून पिवळी झालेली. मी राखाडी व्हावं म्हणून भरपूर अ‍ॅश लावला आणि फोन घेत बसले. धुतलं तर टोकं शेवाळी हिरवी. पिवळ्यावर निळा पडला की हिरवाच होणार, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. लाल छटेचा पातळ रंग पाच मिनिटं लावून ते निस्तरलं, पण त्या मुलीचा चेहरा अजून डोळ्यांपुढे आहे. तेव्हापासून रंग डोक्यावर असताना मी फोन उचलत नाही, आणि तुम्हीही उचलू नका. तुमच्या केसांचा रंग इतका पिवळा नाही, त्यामुळे हिरवं व्हायची भीती कमी. भांगातले अगदी टाळूलगतचे केस मात्र पिवळसर दिसत असतील तर तिथे ४.० चं प्रमाण वाढवा.

लिंबू, खायचा सोडा, भांड्यांचा साबण, यातलं काहीही केसांना लावू नका. सोड्याने केसाचं वरचं आवरण उघडतं, रंग असमान निघतो आणि केस काथ्यासारखे होतात. मग त्यावर टोनर लावला तर तो कुठे गडद, कुठे फिका बसतो, आणि ते सुधारायला आम्हालाही दोन-दोन बैठका लागतात.

नंतरचं थोडं. कढत पाण्याने डोकं धुऊ नका, कोमट घ्या. घरी बोअरचं पाणी असेल तर त्यातलं लोह आणि क्षार केसांवर बसून रंग पुन्हा तांबूस दिसायला लागतो. शेवटचे दोन तांबे फिल्टरच्या पाण्याचे ओता. उन्हानेही रंग उडून खालचा केशरी वर येतो, म्हणून गाडीवर जाताना ओढणी डोक्यावरून घट्ट घ्या. निळा शाम्पू आठवड्यातून एकदा, तीन मिनिटं, हातमोजे घालून.

कानामागची चाचणी बिघडली तर रंग लावूच नका, आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. फणीतल्या केसांची परीक्षा नापास झाली, तर पार्लर गाठा, पण जाताना एक कागद लिहून न्या. केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. तुमचे केस कमरेपर्यंत आहेत म्हणता, म्हणजे टोकाचा केस चार-पाच वर्षांपूर्वी उगवलेला आहे आणि तेव्हापासून लावलेलं सगळं त्याच्यावर आहे. कधी काय लावलं, कुठली शेड, मेंदी किती वेळा आणि कुठली, सगळं लिहा. शक्य असेल तर परवाचा रिकामा डबाही बरोबर घ्या.