शांतता कमिटी सणाच्या आदल्या दिवशी नको, नाला तुंबतो तेव्हा उभी करा

तुम्ही विचारलंय की कळव्यातल्या तुमच्या वस्तीत सण जवळ आले की हिंदू-मुस्लिम दोन्हीकडच्या ग्रुपवर भडक मेसेज फिरायला लागतात. पोलीस ठाण्यात शांतता कमिटीची मीटिंग होते, चहा होतो, फोटो निघतो आणि ताण तसाच राहतो. मग साध्या माणसांनी यात पडावं, की हे पोलिसांचं काम म्हणून सोडून द्यावं?

पडावं. मी मुंब्र्याच्या बाजूला एका मोहल्ला कमिटीत १८ वर्षं बसतोय, त्या अनुभवावरून सांगतो.

आपल्याला लांब जायची गरज नाही, भिवंडी आपल्याच ठाणे पोलीस आयुक्तालयात आहे. ७ मे १९७० ला शिवजयंतीच्या मिरवणुकीत तिथे दंगल पेटली, मादन आयोगाने तिची चौकशी केली. मे १९८४ मध्ये पुन्हा पेटली आणि लोण ठाणे-मुंबईपर्यंत आलं. त्यानंतर, १९८८ च्या सुमारास, पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे तिथे आले आणि त्यांनी मोहल्ला कमिट्या बांधायला घेतल्या. त्यांचा विचार साधा होता. मीटिंगला येणारे पुढारी त्याच त्याच चेहऱ्यांचे असतात, आणि भांडण पेटतं तेव्हा गल्लीत ते नसतात. म्हणून त्यांनी गल्लीतलीच माणसं घेतली, दोन्ही समाजांतली, आणि त्यांना स्थानिक पोलिसांबरोबर नियमित बसवलं. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगलीत सुमारे ९०० माणसं मेली, तेव्हा भिवंडी शांत राहिली. दोनदा होरपळलेलं गाव! मुंबईत १९९४ मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी आयुक्त ज्युलिओ रिबेरो आणि कार्यकर्त्या सुशोभा बर्वे यांनी मोहल्ला कमिट्यांचं काम उभं केलं, त्यामागे हा भिवंडीचा अनुभव होता.

पण पुढचंही सांगायला हवं. जुलै २००६ मध्ये त्याच भिवंडीत कब्रस्तानाजवळच्या पोलीस ठाण्याच्या बांधकामावरून वाद चिघळला. गोळीबारात दोन माणसं गेली, नंतर जमावाने दोन पोलीस शिपायांना मारलं. कमिटी एकदा बांधली की कायमची टिकते, असं नसतं. ती रोजच्या कामावर जगते आणि काम थांबलं की मरते. वाद जमिनीचा होता, महिनोन्‌महिने दिसत होता. तो बोलून सोडवायला माणसं बसायला हवी होती.

आमचा एक प्रसंग सांगतो. मिरवणुकीच्या आदल्या संध्याकाळी अफवा आली की आपल्या पोराला त्यांनी मारलं. अर्ध्या तासात नाक्यावर मुलं जमली. खरं तर पोरगा बाइकवरून पडला होता आणि सरकारी दवाखान्यात होता. आमच्यातला एक रिक्षावाला तडक तिथे गेला, पोराच्या बापाला गाठलं आणि त्याच्याच आवाजात दोन वाक्यं रेकॉर्ड करून घेतली. मुलगा पडला, कुणी मारलेलं नाही. तो आवाज दोन्हीकडच्या ग्रुपवर गेला आणि नाका रिकामा झाला. बाप का बोलला? कारण वर्षभर आधी ते दोघं नाल्याच्या तक्रारीसाठी प्रभाग समितीच्या ऑफिसात चार वेळा एकत्र चकरा मारून आले होते. रिक्षावाला त्याला परका वाटला नाही. आम्ही नवे भाषण करणारे आणले असते तर कुणी ऐकलं नसतं.

राज्यशास्त्राचे अभ्यासक आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातल्या शहरांमधल्या दंगलींवर केलेल्या अभ्यासातही हेच दिसतं. शेजारी म्हणून रामराम-सलाम असणं चांगलं, पण शहरात मोठा ताण आला की ते पुरत नाही. दोन्ही समाजांची माणसं एकाच संघटनेत, युनियनमध्ये, व्यापारी मंडळात एकत्र असतील तर ती वीण टिकते. मुंब्र्यात ‘परचम’ या संस्थेने मुलींचं फुटबॉल सुरू केलं, त्याकडे मी या नजरेने बघतो. मैदानावर एका बाजूने खेळलेल्या पोरींना पुढे कुणी ‘त्या तसल्या’ म्हणून सहज भडकवू शकत नाही.

केनियातल्या वजीर या भागाची गोष्टही मला फार जवळची वाटते. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वेगवेगळ्या कुळांमध्ये रक्त सांडत होतं आणि बाजारही कुळानुसार वाटला गेला होता. डेखा इब्राहिम अब्दी आणि काही बायकांनी ठरवलं की बाजारात कुणालाही विकता आणि विकत घेता यायलाच हवं. बायका तिथे लक्ष ठेवू लागल्या, तंटा झाला की मिटवू लागल्या. मग म्हातारे पंच आले, तरुण आले, सरकारी अधिकारी आले आणि त्यातून शांतता समिती उभी राहिली. सुरुवात भाजी-दुधाच्या बाजारातून झाली, हे विसरू नका. आपल्याकडेही मंडईतली मासेवाली पुढाऱ्याच्या आधी ओळखते की वारं फिरलंय. कमिटीत आधी तिला घ्या. रिक्षा स्टँडवरचा एक, मेडिकलवाला, केबलवाला, शाळेतली एखादी बाई, मंडळाचा कार्यकर्ता, मशिदीचा एक ट्रस्टी आणि बीट हवालदार. कुठल्याही पक्षाचा पदाधिकारी अध्यक्ष नको. आमच्याकडे एकदा तसं झालं, सहा महिन्यांत निम्मी माणसं यायची बंद झाली. ती कमिटी पुन्हा उभी करायला आम्हाला दोन वर्षं लागली.

मिरवणुकीबाबत एवढंच, की रस्ता, वेळ आणि नमाजाची वेळ महिनाभर आधी समोरासमोर बसून ठरवा. अरुंद वळणावर दोन्हीकडचे स्वयंसेवक एकत्र उभे राहतील, हे नावानिशी लिहून ठेवा.

मेसेजबद्दल. भडक मेसेज आला की तो ‘हे खोटं आहे’ म्हणूनसुद्धा पुढे पाठवू नका. स्क्रीनशॉट, नंबर, वेळ जपून ठेवा आणि पोलीस ठाण्यात द्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. समाजांत वैर पसरवणं तिच्या कलम १९६ मध्ये येतं, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. आणि कुणी खरंच जमाव घेऊन निघालं तर ११२ ला फोन करा. तिथे धाडस दाखवायला आपण जायचं नाही.

एका बाबतीत मात्र मी हट्टी आहे. शांतता राखायची म्हणून मार खाल्लेल्या माणसाला ‘तक्रार मागे घे’ सांगू नका. बाईवर अत्याचार झाला असेल तर तो कमिटीत मिटवायचा विषयच नाही. तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात जाऊन बसा. १९९२-९३ च्या मुंबई दंगलीची चौकशी करणाऱ्या श्रीकृष्ण आयोगाचा अहवाल १९९८ मध्ये मांडला गेला आणि त्यात नोंदवलेल्या कितीतरी गुन्ह्यांना शिक्षा झाली नाही. ती जखम मुंब्र्यात आम्हाला रोज दिसते, कारण त्या दंगलीनंतर घर सोडून आलेली कुटुंबं याच गल्ल्यांत राहतात. न्याय अडवून घेतलेली शांतता त्यांना कुणी विकू नये.

तुमच्या वस्तीत आत्ता कुठला नाला तुंबतोय, कुठली पाण्याची लाइन फुटलीय, ते मला कळवा. त्या कामासाठी दोन्हीकडची पाच-सात माणसं तुम्ही जमवा, पहिल्या बैठकीला मी येतो.