कॉलेजमध्ये असताना एडीएचडीची तपासणी कशी करून घ्यावी? घरी न सांगता होते का?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, वय १९, होस्टेलवर राहता, दोन विषय राहिलेत, पुस्तक उघडलं की अर्ध्या पानात मन भलतीकडेच जातं आणि ऑनलाइन चाचणीत ‘एडीएचडीची शक्यता जास्त’ असं आलंय. मी होस्टेलवर असतानाच यातून गेले आहे, म्हणून सविस्तर लिहिते. एडीएचडी म्हणजे लक्ष न टिकणं, चंचलता किंवा उतावळेपणा यांचा लहानपणापासून असलेला त्रास.

ती चाचणी बहुधा जागतिक आरोग्य संघटनेची एएसआरएस, म्हणजे आपली आपण भरायची १८ प्रश्नांची प्रश्नावली असेल. तिच्यावरून निदान होत नाही, पण निकाल सोबत न्या. एडीएचडी रक्ततपासणीत किंवा मेंदूच्या स्कॅनमध्ये दिसत नाही. डॉक्टर तुमच्याशी बोलून, जुनी हकिकत काढून ठरवतात. डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदानाच्या अमेरिकन पुस्तकाप्रमाणे १७ वर्षं किंवा त्यापुढच्या माणसात लक्ष न लागण्याच्या ९ लक्षणांपैकी किंवा चंचलता-उतावळेपणाच्या ९ लक्षणांपैकी किमान ५ लक्षणं कमीत कमी सहा महिने असावी लागतात. त्यातली काही १२व्या वर्षाआधीपासून असावी लागतात. आणि त्रास फक्त अभ्यासात दिसून चालत नाही. घर, मैत्री, पैशांचे व्यवहार अशा आणखी एका तरी ठिकाणी तो दिसायला हवा.

बरेच जण अडकतात ते या १२ वर्षांच्या अटीवर. मी ज्यांच्याकडे आधी गेले त्या डॉक्टरांनी माझे दहावीचे मार्क ऐकले आणि विषयच संपवला. दुसऱ्या डॉक्टरांनी वेगळा प्रश्न विचारला: ‘शाळेत असताना तुझं दप्तर कोण भरायचं?’ आई शेजारीच बसली होती. ती म्हणाली, मीच भरायचे, नववीपर्यंत. मग एकेक निघत गेलं. रोज संध्याकाळी आई वर्गातल्या एका मुलीच्या घरी फोन करून उद्याचा गृहपाठ विचारून घ्यायची. परीक्षेच्या दिवसांत माझ्या टेबलासमोर स्वतः भाज्या निवडत बसायची, कारण ती उठली की मीही उठायचे. मी वर्गात दंगा करणारी नव्हते, नुसती खिडकीबाहेर बघत बसायचे, त्यामुळे तक्रार कधी आलीच नाही. मुलींचं निदान उशिरा होण्याचं हे एक मोठं कारण आहे. होस्टेलवर आल्यावर हा सगळा आधार एकदम गेला आणि सबमिशन, जर्नल, मेसचे पैसे असं सगळंच कोलमडलं.

म्हणून माझं तुम्हाला कळकळीचं सांगणं आहे: डॉक्टरांना काय जमत नाही तेवढंच सांगू नका, आजवर कशाच्या आणि कुणाच्या जोरावर जमत आलं तेही सांगा. मार्क चांगले होते म्हणून एडीएचडी नाही, असं होत नाही. आवडीच्या गोष्टीत तासन्‌तास रमता, एवढ्यावरूनही ते नाही म्हणता येत नाही. प्राथमिक शाळेची प्रगतीपुस्तकं मिळाली तर न्या. ‘हुशार आहे, पण लक्ष देत नाही’ हा शेरा तिथे फार उपयोगी पडतो. गेल्या काही महिन्यांत काय हरवलं, कुठली मुदत चुकली, हे कागदावर लिहून न्या, कारण समोर बसल्यावर नेमकं तेच आठवत नाही.

जायचं कुणाकडे? मनोविकारतज्ज्ञाकडे, म्हणजे मानसोपचारात एमडी किंवा डीपीएम (त्यातली पदविका) झालेल्या डॉक्टरांकडे. औषध तेच देऊ शकतात. सविस्तर चाचण्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट करतात. त्यांची आरसीआय, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी आहे का, हे बेधडक विचारा. खासगीत खर्च परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात केसपेपर काढून मानसोपचार ओपीडीत जा. तिथे गर्दी असते, पहिल्या भेटीत सगळं होत नाही, पण काम होतं. फोन करतानाच ‘मोठ्यांच्या एडीएचडीची तपासणी करता का?’ असं विचारून घ्या.

डॉक्टर झोप, थायरॉइड, हिमोग्लोबिन, चिंता, नैराश्य यांबद्दलही विचारतील. टाळाटाळ करतायत असं समजू नका. रात्री तीनपर्यंत जागणाऱ्या माणसाचंही लक्ष लागत नाही, आणि त्याचा इलाज वेगळा आहे. वाचताना-लिहितानाच अडचण येत असेल तर अध्ययन अक्षमतेचीही तपासणी मागा. २०१६च्या अपंग हक्क कायद्याच्या यादीत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही, त्यामुळे परीक्षेतल्या सवलतींसाठी हा फरक महत्त्वाचा ठरतो.

होस्टेलवर कुणी ‘फोकसची गोळी’ देऊ केली तर घेऊ नका. एडीएचडीचं मेथिलफेनिडेट हे औषध आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं, आणि ते सुरू करण्याआधी रक्तदाब, नाडी, घरात कुणाला हृदयविकार आहे का, हे पाहावं लागतं. ॲटोमॉक्सेटिन हे औषध दुसरा पर्याय आहे. त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

आता घरी सांगण्याबद्दल. तुम्ही सज्ञान आहात, तपासणीला आईवडिलांची परवानगी लागत नाही. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ प्रमाणे तुमची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. फक्त लहानपणी तुम्हाला जवळून पाहिलेलं कुणीतरी बोलायला असेल तर निदान पक्कं होतं. ते आईवडीलच असायला हवेत असं नाही. मोठी बहीण, मामा, एकत्र वाढलेली आतेबहीण, जिच्यावर विश्वास आहे अशी कुणीही व्यक्ती चालते, आणि बऱ्याच ठिकाणी डॉक्टर त्यांच्याशी फोनवरही बोलतात.